कंपनी साइजच्या बांगड्या

चहाला नावं ठेवून पुन्हा दुसरा कप मिळवणारा माणूस आमच्या गल्लीत एकच होता, आमचा कासार. त्या रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो, मी, माझी बायको आणि तो. एक घोट घेऊन तो म्हणाला, "ताई, साखर लय महाग झाली काय?" चहा गोड होता, मी तोच पीत होतो. बायको म्हणाली, "दादा, तुमची जीभच कडू, त्याला मी काय करू?" तेवढ्यात त्यानं तिचा हात धरून माप बघून घेतलं. ही त्याची जुनी खोड. बांगड्या भरताना बाई हात आवळून धरते आणि काच फुटते, म्हणून हा आधी तिला चिडवायचा. बाई भांडायला लागली की हात विसरते, हात सैल पडतो, बांगडी चढते. असा तो उभ्या गल्लीशी भांडला आणि उभ्या गल्लीचे हात भरले. सगळ्या बायका त्याच्या बहिणी, त्यामुळे आम्ही सगळे पुरुष त्याचे दाजी. कोपऱ्यावरचा पैलवानसुद्धा.

तो माणूस तोंडावरून ओळखायचा नाही, मनगटावरून ओळखायचा. दोन-चार हे माझ्या बायकोच्या बांगडीचं माप. तिचं नाव त्याला पुष्कळ उशिरा कळलं, तोवर ती दोन-चारवाली ताईच होती.

नव्वद सालानंतर अंबडच्या बाजूला इंजेक्शनं भरायची कंपनी आली आणि याचं दुःख सुरू झालं. बायको आधी द्राक्षांच्या दिवसांत टेम्पोत उभी राहून पिंपळगावला पॅकिंगला जायची, बाकी वर्ष घरी. आता ती कंपनीत लागली आणि बारमाही पगार आला. इंदिरानगरच्या मागची आमची गल्लीच बदलली. रिक्षावाल्यानं दुसरी रिक्षा घेतली, शेजारणीनं भाड्यानं द्यायला वर खोल्या काढल्या, आमच्या घरी मिक्सर आला. माझ्या पोरीचं कॉलेज त्या पगारावर झालं, हे मी लपवत नाही. औषधांच्या कारखान्यांनी राज्य पुढं नेलं, असं पेपरात यायचं. मी अडखळत वाचून दाखवायचो. तो शेवटपर्यंत ऐकायचा आणि विचारायचा, "बांगड्यांचं काय लिहिलंय, दाजी?" काही लिहिलेलं नसायचं.

कारण कंपनीत बांगडी चालत नव्हती. कुंकू नाही, पावडर नाही, डोक्यात फूल नाही. पहिल्या पगाराला हा पेटी घेऊन गेटवर उभा राहिला. बायकांच्या हातात पैसा म्हणजे आपली दिवाळी, असा त्याचा अंदाज. बायका मोकळ्या हातांनी बाहेर आल्या आणि पोरांना बटर घेऊन घरी गेल्या. यानं वॉचमनला विचारलं, आत काचेच्याच बाटल्या भरता ना, मग तुमची काच सोवळ्यातली आणि माझी काय? वॉचमननं त्याला चहा पाजला. त्यात साखर बरोबर होती म्हणे.

एकदा सणाला बायकोनं हौसेनं हात भरून घेतले. दुसऱ्या दिवशी घट्ट बांगड्या निघेनात. सवाष्णीनं काच फोडायची नाही. साबण लावून, हात सोलून काढल्या तोवर कंपनीची बस सुटली आणि खाडा लागला. हे याच्या मनाला लागलं. पुढच्या खेपेला त्यानं तिला एक माप मोठ्या बांगड्या आणल्या, आपल्या आपण घालायच्या, आपल्या आपण काढायच्या. नाव ठेवलं कंपनी साइज. सगळ्या गल्लीनं त्या उचलल्या, आणि मग कुणाला कासार लागेना. मी म्हटलं, येड्या, आपल्या हातानं धंदा बुडवलास. तो म्हणाला, "ताईचा खाडा तर वाचला ना." पुढं तो कंगवे आणि पिना विकायला लागला.

पण बायकोकडून त्यानं शब्द घेऊन ठेवला होता. कंपनी सुटली की अस्सल दोन-चारच्या, हिरव्या, दोन्ही हात भरून, आणि भरायच्या त्यानंच. दर दिवाळीला आठवण करून द्यायचा. महिनाअखेर ती रिटायर होणार होती. रविवारी माप घेतलं ते त्यासाठीच.

त्या रात्री ती झोपेतच गेली.

सकाळी पाहुण्यांनी बाजारातून हिरव्या बांगड्या आणल्या, मोठ्या मापाच्या, ताठरलेल्या हातात जाव्यात म्हणून. तेवढ्यात हा पेटी घेऊन आला. त्या बांगड्या बाजूला सारल्या, पेटीतून आपल्या दोन-चारच्या काढल्या आणि तिचा हात मांडीवर घेऊन चोळत बसला. बायका म्हणाल्या, आजच्या दिवशी फुटायला नकोत. मी म्हटलं, करू द्या त्याला. हात काही सैल पडेना. मग तो खाली वाकला आणि म्हणाला, "ताई, कालच्या चहात साखर नव्हती." म्हणून थोडा थांबला, तिला बोलायला वेळ द्यावा तसा. मग एकेक करून दोन्ही हात भरले. एकही फुटली नाही.