बोटीवर रेंज नसते

बाबा आजारी आहेत हे आईला कळू नये म्हणून आम्ही बोट भाड्याने घेतली. लोकांना मी अजूनही ‘सुट्टीला गेलो होतो’ असंच सांगते.

आई फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आमच्याकडे नेदरलँड्समध्ये, रायस्वाइकला आली होती. ट्युलिप बघायचे होते तिला. मार्चमध्ये कोरोनामुळे सगळं बंद झालं, बागाही बंद राहिल्या आणि आई इथेच अडकली. पुढे खास विमानं सुटायला लागली तेव्हा बाबाच म्हणाले, तुला मधुमेह आहे, एवढ्यात येऊ नकोस. ते सांगलीत माझ्या धाकट्या भावाजवळ होते. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर दोघं एकमेकांना काय जेवलात ते विचारायची. चाळीस वर्षांच्या संसारात एवढ्या प्रेमाने विचारलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये बाबांना दवाखान्यात हलवलं. भावाचा फोन आला. “ताई, आईला काही बोलू नकोस. तिची शुगर वाढेल. बाबा घरी आले की सांगू.” मी म्हटलं, अरे, तिला कळायला हवं. तर म्हणाला, “तू उंटावरून शेळ्या हाकू नकोस. इथे मी एकटा धावतोय.” आमच्या घरात हे असंच चालतं. आजीला आजोबांचा कॅन्सर शेवटच्या आठवड्यात कळला होता. सगळ्यांना माहीत असायचं, फक्त जिचं माणूस तिला नाही. बाबांना मात्र भावाने वॉर्डात सांगून ठेवलं होतं की आईला सगळं कळवलंय, ती धीराची आहे. म्हणजे खोटं दोन्हीकडे.

रोजचा कॉल बंद का, हे आईला सांगायला हवं होतं. बाबांचा मोबाइल बिघडलाय, दुकानं बंद आहेत, असं सांगितलं. पण नातेवाइकांच्या ग्रुपवर कोण कधी काय टाकेल याचा नेम नव्हता. आईचा फोन चालायचा आमच्या वायफायवर. नवऱ्यालाच सुचलं, “चार दिवस उत्तरेला फ्रीसलंडच्या कालव्यांवर बोट घेऊया. बोटीवर रेंज नसते म्हणून सांगू.” इंजिनिअर माणूस, त्याला प्रत्येक अडचणीवर उपाय सापडतो. मीही हो म्हटलं, हे मला विसरता येत नाही.

बोटीच्या मालकाने दीड मीटर लांब उभं राहून, धक्क्यावरूनच सगळं शिकवलं. इथे अशा बोटीला लायसन लागत नाही, अर्ध्या तासाचा पाठ पुरतो. पुलाखालून जाताना डोकं खाली. बोट भिंतीला लागायला आली तर हातपाय मध्ये घालायचे नाहीत, रबरी फुगा घालायचा. आणि लॉक. लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद. बोट आत घेतात, दारं बंद होतात आणि पाणी पुढच्या कालव्याच्या पातळीला आणतात. तिथे दोर काठावरच्या खुंट्याला नुसता वळवून घ्यायचा आणि टोक हातात ठेवायचं. पाणी उतरेल तसा दोर सोडत जायचा. “बांधायचा नाही,” तो तीनदा म्हणाला. नवऱ्याने हे मराठीत आईला समजावलं. आई म्हणाली, “कळलं. विहिरीत घागर सोडतो तसं.” आमच्या तिघांत तिलाच नीट कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॉकमध्ये शिरलो. नवरा चाकाशी, मी पुढच्या दोरावर, आई मागच्या. इंजिन बंद करायचं असतं, पण एकदा बंद केलं तर चालू होईल की नाही, या भीतीने नवऱ्याने ते चालूच ठेवलं. दारं बंद झाली, पाणी उतरायला लागलं आणि माझ्या खिशातला फोन वाजला.

भावाचा नंबर नव्हता. उचलला तर पडद्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली नर्स. “पेशंटला बोलायचंय, दोनच मिनिटं,” म्हणाली. एका हातात दोर, एका हातात फोन, मला ते जमेना. मी दोर बोटीवरच्या कड्याला करकचून बांधला.

बाबांच्या तोंडावर मास्क होता. डोळे फार मोठे दिसत होते. त्यांनी मला विचारलं, “तुझी आई कुठाय?”

आई माझ्यापासून दहा पावलांवर होती. मध्ये केबिन आणि इंजिनाचा आवाज. हाक मारली असती तर आली असती. पण तिने पडदा पाहिला की सगळं संपलं. आम्ही दहा दिवस ज्यासाठी खोटं बोलत होतो ते संपलं असतं. म्हणून मी म्हटलं, “झोपलीये, बाबा.”

“बरं,” ते म्हणाले. “झोपू दे. उठवू नको.”

तेवढ्यात बोट कलली. पाणी खाली गेलं होतं आणि पुढचं टोक माझ्या गाठीला लटकत होतं. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. नवरा ओरडला, “रोप सोड! सोड ना!” ताण पडलेली गाठ सुटते थोडीच. तो ब्रेड कापायची सुरी घेऊन धावत आला आणि त्याने दोर कापला. बोट धपकन पाण्यात बसली. मी डेकवर आपटले, मनगट सुजलं. आई मागे तशीच उभी होती, दोर सावकाश सोडत. फोन हातातच होता, कॉल तुटला होता. मी पुन्हा लावला, कुणी उचलला नाही.

“कुणाचा फोन?” आईने विचारलं. मी म्हटलं, ऑफिसचा, इथे जरा रेंज आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा गेले. बोट अर्ध्यातच परत करून आम्ही आईला घरी आणलं आणि सोफ्यावर बसवून सांगितलं. अंत्यविधी आम्हाला फोनवरही दिसला नाही; तेव्हा कुणालाच जवळ जाऊ देत नव्हते. आई रडली, पण कुणाला दोष दिला नाही. मला वाटलं, सुटलो. असं वाटल्याची लाज नंतर वाटली.

महिन्याभराने आई भावाशी फोनवर बोलत असताना त्याच्या तोंडून निघून गेलं की शेवटी बाबा फक्त ताईशी बोलले. आईने फोन ठेवला. मी कपड्यांच्या घड्या घालत होते.

“कुठे होतो आपण तेव्हा?”

“लॉकमध्ये.”

“माझं नाव काढलं का त्यांनी?”

मला आणखी खोटं बोलायचा कंटाळा आला होता. मी जे झालं ते सांगितलं, अगदी शब्दन् शब्द; तिला सगळं कळवलंय असं बाबांना सांगून ठेवलं होतं, तेही.

आईने ढिगातला एक टॉवेल ओढून त्याची घडी घातली. मग म्हणाली, “म्हणजे त्यांना श्वास येत नाहीये हे माहीत असूनसुद्धा मी दुपारची झोपले, असंच समजून गेले ते.”