ब्रुनो अंकलचं आकाश

“तो टॉवेल काढू नका!”

सिंगापूरमध्ये बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. वाळलेले कपडे काढायला मी दार उघडलं, तर कॉरिडॉरमध्ये घडीच्या स्टुलावर एक वयस्कर गोरे गृहस्थ बसलेले. मांडीवर फळी, हातात ब्रश आणि तोंडी इंग्रजीतला हा हुकूम. वर म्हणाले, “पियानो, पियानो!”

आतून सासूबाईंनी विचारलं, “कोण गं? पेटी शिकवणारे का?”

‘पियानो’ म्हणजे इटालियनमध्ये ‘सावकाश’, हे आम्हाला नंतर कळलं.

ब्रुनो अंकल आमच्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे इमारतीत, चौथ्या मजल्यावर राहत. आमच्या बाराव्या मजल्यावरून समोरचे ब्लॉक चांगले दिसतात म्हणून रोज सकाळी वर येत. मूळचे व्हेनिसचे. पर्यटकांसाठी तोच पूल आणि तेच चर्च रंगवण्यात त्यांचं तारुण्य गेलं. “शेवटी शेवटी तर मी न बघताच काढायचो,” ते सांगत. एकदा सिंगापूरहून फिरायला आलेली एक शिक्षिका त्यांच्या चित्रासमोर थांबली. म्हणाली, “गल्लीत एवढे कपडे वाळत होते, ते कुठे गेले?” अंकल भयंकर चिडले. दुसऱ्या दिवशी कपड्यांसकट गल्ली रंगवून त्यांनी ती तिला दाखवली आणि पुढे लग्न करून तिच्या मागोमाग इथे आले. त्या लिली आंटी.

इथे आल्यावर मरीना बेच्या झगमगाटाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. “तिकडे सगळे बघतातच की!” म्हणत ते बुकित बातोक आणि बुकित पंजांगचे ब्लॉक रंगवत राहिले. बांबूवर वाळणारे शर्ट, एसीची खोकी, कुंड्या, सगळं त्यात यायचं.

सासूबाईंशी त्यांची गट्टी जमली ती चिवड्यामुळे. बशी पुन्हा भरायला गेल्या की ते ओरडत, “बास्ता!” सासूबाई खूश. “बघ, मराठी शिकले. बास म्हणतात!”

एक दिवस माझी मुलगी चित्र बघून इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “अंकल, युवर स्काय सो ब्राऊन, लाह!” अंकल हसले नाहीत. सासूबाईंनी चित्राकडे पाहिलं, मग त्यांच्या डोळ्यांकडे. “त्यांना सांग, मोतीबिंदू आहे. माझंही असंच सगळं मळकट दिसायचं.”

मी सांगितलं. अंकलनी स्टुलाची घडी केली आणि ते खाली गेले. त्यानंतर कित्येक दिवस ते वर आलेच नाहीत.

मग लिली आंटी आल्या. “त्याला केव्हाच कळलंय. पण डॉक्टरांनी हात लावला तर आहे तेही दिसायचं बंद होईल, या भीतीनं जात नाही.”

सासूबाईंनी सुई-दोरा घेतला आणि मला बरोबर घेऊन चौथा मजला गाठला. अंकलसमोर बसून चष्म्याशिवाय एका झटक्यात दोरा ओवला. “माझी दोन्ही ऑपरेशनं झालीत,” मराठीतच म्हणाल्या आणि दुसरी सुई त्यांच्या हातात दिली. अंकल कितीतरी वेळ धडपडले. दोरा ओवला जाईना. शेवटी सुई खाली ठेवून लिली आंटींना म्हणाले, “चल, कधी जायचं?”

ऑपरेशननंतर ते वर आले ते थेट कठड्याशी. मान वर करून आभाळ न्याहाळलं. मग एकदम ओरडले, “निळं आहे! अरे, किती निळं! इतकी वर्षं मी अगदी प्रामाणिकपणे खोटं बोलत होतो!” आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. डॉक्टरांनी डोळे चोळू नका म्हणून बजावलंय, असं ओरडत लिली आंटी मागून धावल्या.

त्यानंतर ते रोज समोरच्या ब्लॉकमध्ये जाऊन बसू लागले. तिथून त्यांनी आमचा अख्खा ब्लॉक रंगवायला घेतला. चित्र पूर्ण झालं, पण “थोडं काम आहे” म्हणत त्यांनी ते कुणालाच दाखवलं नाही.

यंदा एका पहाटे ब्रुनो अंकल झोपेतच गेले. इथल्या पद्धतीप्रमाणे ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत त्यांना अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं. शेजारी आंटींनी ते मोठं चित्र उभं केलं. लोक गंभीर चेहऱ्याने येत, हात जोडत आणि मग चित्रापुढे रेंगाळत. “ही माझी खिडकी!” “छे, ती तर माझी!” हलक्या आवाजातले वाद हळूहळू चांगलेच रंगले.

लिली आंटी उठून चित्राजवळ आल्या. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत एक चिमुकली बाई कमरेवर हात ठेवून उभी होती, कुणाला तरी जेवायला हाका मारत असल्यासारखी. आंटींनी वाकून निरखून पाहिलं.

“मला केवढी जाडी केलीय बघा,” त्या म्हणाल्या आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच खळखळून हसल्या.