फळ्याची डावी बाजू

नातीची पाटी ओल्या फडक्यानं पुसताना खडूचा वास आला आणि सत्तरच्या दशकातला सोलापुरातला माझा वर्ग आठवला. मुली मागावर कापड विणणाऱ्यांच्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. व्याकरण शिकवताना फळ्यावर डावीकडे मी त्यांचं तेलुगू वाक्य देवनागरीत लिहायची, उजवीकडे मराठी. चुकलेलं वाक्य तेवढं पुसायची.

एके दिवशी तपासणीचे साहेब न कळवता आले. वर्गात फक्त मराठीच, असा त्यांचा दंडक. व्हरांड्यात बूट वाजले तशी मी पदरानंच डावी बाजू पुसून टाकली. साहेब खूश होऊन गेले. नोकरी वाचली म्हणून मी निःश्वास सोडला.

तेवढ्यात पुढच्या बाकावरची लक्ष्मी हळूच म्हणाली, "बाई, आमचं समदंच चुकलं व्हतं का?"