पुजलेले टॅपेट

देवपूरच्या जीवराम मिस्त्रीचा कान असा, की गल्लीच्या तोंडाशी जीप वळली की घरातूनच सांगायचा, "तिसरा टॅपेट वाजतोय." टॅपेट म्हणजे इंजिनातला लहानसा लोखंडी तुकडा, कॅमशाफ्ट नावाच्या फिरत्या दांड्याच्या उंचवट्यावर वर-खाली होत तो व्हॉल्व्ह उघडतो. कान तयार, पण माणूस भारी हट्टी! एकुलता एक मुलगा तेजस ड्रॅग शर्यतीत, सरळ पट्ट्यावर, जीप पळवायचा. तो विनवून थकला, "आबा, आते नवा रोलर टॅपेट टाकूत."

"जुनं लोखंड मुरेल शे. तू फक्त गाडी हाक."

मुरलेल्या टॅपेटची एकच अट. ज्या उंचवट्याशी तो घासून जुळला, त्याच जागी परत बसवायचा. म्हणून इंजिन खोललं की जीवराम ते अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीने मांडून ठेवायचा.

दसऱ्याला गॅरेजातलं झाडून सगळं लोखंड धुऊन पुजतात. जीवराम झेंडू घेऊन आला, तर बायकोने, रत्नाने, पान्यांबरोबर शर्यतीसाठी खोललेल्या जीपचे टॅपेटही धुऊनपुसून ठेवलेले. प्रत्येकावर कुंकवाचं बोट. ओळ पार मोडलेली. तो ओरडणारच होता. पण ती हात जोडून पोरासाठी पुटपुटत होती; तिला काय बोलायचं? नवा संच मागवावा तर शर्यत हुकणार, आणि पुजलेली वस्तू भंगारात टाकायची कुणी? घासल्याच्या खुणा भिंगातून बघत त्याने जोड्या लावल्या. दोन अगदी सारखे दिसले, ते अंदाजाने बसवले. तेजसला मात्र अवाक्षर सांगितलं नाही. काय म्हणावं या माणसाला!

शर्यतीत जीप भन्नाट सुटली. अर्ध्यावर जीवरामच्या कानाने टकटक टिपली. हात हलवत तो धावला, ओरडला. त्या गोंगाटात कोण ऐकतं? चुकीच्या जागच्या टॅपेटने कॅमशाफ्ट खाल्ला, लोखंडाचा चुरा तेलात गेला, इंजिन जाम झालं. चाकं अडकली आणि जीप उलटत गेली. तेजस जागीच गेला.

तेरावं झाल्यावर रत्ना गॅरेजात येऊन बसली.

"मन्ही पूजामा काही चुकनं का?"

जीवरामने हातातला पाना खाली ठेवला. खरं कळलं तर ही जन्मभर स्वतःलाच खात बसेल.

"नही वं," तो म्हणाला. "चूक मन्ही. जुना टॅपेट मीच निवडेल व्हतात."

ती उठून आत गेली. गॅरेज अजून चालू आहे. दुपारी ती जेवणाचं ताट उंबऱ्यावर ठेवून जाते, त्याच्याकडे न बघता.