मुखपृष्ठावर थोरली की धाकटी?

फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या बसस्टँडवर अमरावतीच्या गाडीची वाट पाहत उभी होते. फोन रुबिनाबाजीचा होता, माझ्या घरमालकीण शमीम आपांच्या भाचीचा. ती त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. “वैशू, बस मिळाली काय?” तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. मग ती म्हणाली, “सावकाश ये. खाला गेली.” आपांना श्वासाचा त्रास होता, तो अधूनमधून वाढायचा आणि बसायचा. या वेळी बसला नाही... मी त्या दिवशी आपांसाठीच अकोल्याला आले होते. तिथल्या एका जुन्या ग्रंथालयात एका कादंबरीची पहिल्या आवृत्तीची प्रत आहे, असं मला कळलं होतं. आम्हाला कादंबरी नको होती, तिचं मुखपृष्ठ बघायचं होतं. प्रत निघाली, पण तीही काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेली. मूळ कव्हर कधीच काढून टाकलेलं. हे आपांना कसं सांगावं, म्हणजे त्यांना फार लागणार नाही, याचाच विचार मी करत होते. फोन ठेवल्यावरही किती तरी वेळ माझ्या डोक्यात तीच वाक्यं जुळत राहिली.

माझं गाव दर्यापूर तालुक्यात. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. अमरावतीत खोली पाहायला बाबा सोबत आले होते. आपा अकोटच्या उर्दू शाळेत मराठी शिकवायच्या, तिथं बाईंना आपा म्हणतात, म्हणून निवृत्त होऊन अमरावतीला आल्यावरही त्या सगळ्या गल्लीच्या आपाच राहिल्या. लग्न केलं नव्हतं. त्यांनी भाडं वगैरे काही बोलायच्या आधी बाबांना विचारलं, “भाऊ, पोरगी वाचते काय?”

“अभ्यास करते जी,” बाबा म्हणाले.

“अभ्यासाचं नाई इचारलं. वाचते काय?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला खोटं बोलता आलं नाही. मी मान हलवून नाही म्हटलं. आपा हसल्या आणि म्हणाल्या, “चाला, खरं तं बोलते.” आणि खोली मिळाली.

दुसऱ्या वर्षाला मराठीच्या सरांनी आम्हाला प्रकल्प दिला. मला विषय मिळाला जुन्या पुस्तकांची आणि मासिकांची मुखपृष्ठं. सरांनी इंटरनेटवरच्या काही संग्रहांचे पत्ते दिले होते, तिथं लोकांनी जुने दिवाळी अंक, कादंबऱ्या, मुलांची मासिकं स्कॅन करून ठेवलेली असतात. खरं सांगायचं तर मला त्यात काय पाहायचं हेच समजत नव्हतं. माझ्या खोलीत नेट नीट चालत नसे, म्हणून मी आत्तेभावाचा जुना लॅपटॉप घेऊन खाली आपांच्या दिवाणावर बसायचे. एकदा त्या चहा घेऊन आल्या आणि माझ्यामागेच थांबल्या. पडद्यावर एका सामाजिक कादंबरीचं मुखपृष्ठ होतं. निळसर संध्याकाळ आणि जिन्यात बसलेली एक बाई. आपांनी चष्मा वर-खाली केला, नाव वाचलं.

“हे पुस्तक मी तीनदा वाचलं हाये,” त्या हळूच म्हणाल्या. “असं दिसते होय हे?”

मला आधी कळलंच नाही. तीनदा वाचलेलं पुस्तक दिसतं कसं, हे माहीत नाही म्हणजे काय? मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या लहानपणी अकोटच्या ग्रंथालयात नवीन पुस्तक आलं की ते वाचकांच्या हातात जायच्या आधी बाइंडरकडे जायचं. कागदी कव्हर चार दिवसांत फाटतं, म्हणून बाइंडर ते काढूनच टाकायचा, जाड पुठ्ठा घालून वर काळं कापड चढवायचा आणि पाठीवर नंबर चिकटवायचा. आपांचे अब्बा सायकलवरून तीच पुस्तकं घरी आणायचे. आपांनी शेकडो पुस्तकं वाचली, ती सगळी तशीच. “मले वाटे पुस्तकं अशीच येतात. म्हशीवानी. सारी काळी.” पुढे एकदा अकोल्याला एका दुकानाच्या काचेत रंगीत कव्हरांची पुस्तकं मांडलेली दिसली. त्यांनी धाकट्या बहिणीचा, नसरीनचा हात ओढला. “म्हणलं, चाल वं इथून, ही शिनेमाची पुस्तकं हायेत, अब्बा पाहतीन. आन् त्यातलं एक तं आमी तेव्हा घरी वाचून राहिलो होतो.”

तेव्हापासून माझा प्रकल्प आमचा झाला. संध्याकाळी नमाज झाली की आपा दिवाणावर पाय वर घेऊन बसत. मी पुस्तकाचं नाव हाताच्या पंजानं झाकायचं आणि त्यांनी नुसतं चित्र पाहून पुस्तक ओळखायचं, असा खेळ आम्ही लावला होता. त्या बहुतेक वेळा चुकायच्या. पण चूक आपली आहे, हे त्यांना कधी मान्य नसे.

“हे त्या मास्तराच्या पोरीचं नाई? मग यानं पुस्तक वाचलंच नाई. ती एवढी गरीब, हिच्या अंगावर एवढे दागिने काहून?”

“आपा, चित्रकाराला घाई असेल.”

“घाई हाये तं फुलं काढाव. बाईले काहून तरास देते?”

मी हसायचे. पण त्यांचं ऐकता ऐकता मी चित्रं बघायला शिकले, असं मला आता वाटतं. कुठे दोनच रंगांत छापून तिसऱ्या रंगाचा भास केलेला असतो, कुठे दिवाळी अंकावरची बाई दिव्याकडे न बघता आपल्याकडे बघत असते... प्रकल्पाच्या वहीत मी हे लिहिलं. सरांनी त्याखाली रेघ ओढली होती. आपांनी ती रेघ येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवली.

मात्र त्यांना खरं हवं होतं ते एकच मुखपृष्ठ. कादंबरीचं नाव वेगळं होतं, पण आमच्यात ते ‘दोन बहिणींचं पुस्तक’ होतं. आपा आणि नसरीन यांनी ते एकाच आठवड्यात वाचलं होतं, सकाळी एक, दुपारी दुसरी. आणि दोघींचं भांडण लागलं होतं, की याच्या काढून टाकलेल्या कव्हरवर कोण असेल? नसरीन म्हणायची, धाकटीच असणार, चित्र काय थोरलीचं काढतात? आपा म्हणायच्या, घर तर थोरलीनं सांभाळलं, पुस्तक तिचं आहे. आई लवकर गेल्यामुळे आपांनीच नसरीनला वाढवलं होतं, तिचं लग्न करून दिलं होतं. रुबिनाबाजी तिचीच मुलगी. पुढे नसरीनही गेली. भांडण तसंच राहिलं. “खरं तं तीच जिंकली असन,” आपा एकदा म्हणाल्या. “पण एकदा पाहाव वाटते. थोरलीले घेतलं काय कोणी.” हे त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या.

ते पुस्तक एका ऑनलाइन संग्रहात होतं. आम्ही मोठ्या आशेनं उघडलं, तर पहिल्याच पानावर तपकिरी रेक्झिन आणि कुठल्या तरी ग्रंथालयाचा शिक्का. आपा खूप हसल्या, हसता हसता त्यांना दम लागला. “इथंबी तोच बाइंडर येऊन गेला वाटते.” आम्ही ते बंद केलं. मग दुसरे संग्रह पाहिले, जुन्या मासिकांतल्या जाहिराती पाहिल्या, मी अनोळखी लोकांना निरोप पाठवले. शेवटी अकोल्याचा पत्ता लागला. निघताना आपा दारापर्यंत आल्या. “नाई भेटलं तं तोंड पाडून येऊ नको. तिथं कचोरी खा आन् ये.”

आपांचा चाळिसावा दिवस झाल्यावर रुबिनाबाजीनं मला परीक्षेपर्यंत तिथंच राहायला सांगितलं. खालची खोली तिनं तशीच ठेवली आहे. प्रकल्प केव्हाच जमा केला होता, तरी संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन दिवाणावर बसायचे, कारण त्या वेळी दुसरं काय करतात ते मला आठवत नव्हतं. मागच्या महिन्यात एका गृहस्थांनी स्वतःजवळच्या जुन्या पुस्तकांचे फोटो एका संग्रहात टाकले. त्यात ते होतं. कोपरा दुमडलेला, वर चहाचा डाग... पण पूर्ण.

मुखपृष्ठावर एकच बाई आहे. विहिरीच्या काठावर उभी, आपल्याकडे पाठ. हिरवट रंगाचं लुगडं, सुटलेला अंबाडा, कमरेवर हात. चेहरा दिसत नाही. मी चित्र मोठं करून पाहिलं, लहान करून पाहिलं. ही थोरली की धाकटी, मला सांगता येईना. आपांनी एका नजरेत सांगितलं असतं, आणि नसरीननं लगेच उलटं सांगितलं असतं. रुबिनाबाजीला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “अम्मी असती तं म्हणाली असती मीच हाये. खालाबी तेच म्हणाली असती.”

मग माझ्या लक्षात आलं, की मला ओळखता येत नाही, कारण मी ते पुस्तक वाचलेलंच नाही. आपांना ते पाठ होतं, मला फक्त कव्हर शोधायचं होतं. कव्हर नाही म्हणून आम्ही जे बंद केलं होतं, त्या तपकिरी रेक्झिनच्या आत अख्खी कादंबरी होती.

आता मी ती वाचते आहे, रोज थोडी, त्याच दिवाणावर. मला वाचायला वेळ लागतो. आपांना मात्र कधीच धीर नव्हता. मी कुठलंही पुस्तक हातात घेतलं की चार पानं होतात न होतात तोच त्या विचारायच्या, “पुढचं सांगू काय?” मी नको म्हणायचे, आणि त्या सांगून टाकायच्या. कालपर्यंत वाचलेल्या पानांत थोरली स्वयंपाकघरातच आहे. धाकटी शाळेतून यायची आहे. विहीर अजून आलेली नाही. पान उलटताना मी थोडी थांबते... पण पुढचं कोणी सांगत नाही.