शार्कच्या आणि माझ्या मध्ये

शार्क बघायला जायची कल्पना माझी. तेव्हा आम्ही अमेरिकेत, नोव्हाय नावाच्या गावात राहत होतो, ऐंशीचं दशक संपत आलं होतं, आणि मी गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होतो. ऑफिसातल्या एका अमेरिकन सहकाऱ्यानं फ्लोरिडाहून आणलेले फोटो दाखवले. समुद्राच्या तळाशी माणसं गुडघ्यांवर बसलेली, आणि आमिषाला आलेले शार्क त्यांच्या डोक्यावरून जाताहेत. पिंजरा वगैरे काही नाही. हे काही तुमच्यासारख्यांचं काम नाही, असं तो हसत म्हणाला. ते मला लागलं. त्याच आठवड्यात मी स्कूबाच्या, म्हणजे टाकी लावून पाण्याखाली पोहण्याच्या, क्लासमध्ये आम्हा दोघांची नावं घातली, बायकोला न विचारता.

ती एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची. लहानपणी सांगलीला कृष्णेत पोहायला शिकलेली. पाण्याखाली मास्कमध्ये पाणी शिरलं तर न घाबरता नाकानं हवा सोडून ते बाहेर काढायचं, हे तिला पहिल्याच दिवशी जमलं. मला तीन आठवडे लागले. तरी घरी येताना गाडीत मीच तिला सूचना द्यायचो.

मार्चमध्ये आम्ही फ्लोरिडाला गेलो. बोटीवर आम्ही सहा जण होतो. हात छातीशी ठेवायचे, हलायचं नाही, काहीही झालं तरी एकट्यानं वर पळायचं नाही, असं आम्हाला दोनदोनदा बजावलं. मग तळाच्या वाळूवर आम्ही अर्धवर्तुळात बसलो. ती माझ्या डावीकडे होती. समोर आमिष देणारा माणूस, हातात पोलादी कड्यांचे मोजे, शेजारी माशांच्या तुकड्यांचा डबा.

शार्क आले ते अगदी सावकाश. सात-आठ असतील. पहिली काही मिनिटं इतकी सुंदर होती की मी भीती विसरलो. मग एका शार्कच्या तोंडातून माशाचा तुकडा निसटला आणि तरंगत माझ्याकडे आला. दुसरा शार्क वळला. तो तुकड्याकडे येत होता, पण मला दिसलं ते एवढंच की तो माझ्याकडे येतोय.

मी डावा हात लांब केला, तिच्या पाठीवरच्या हवेच्या टाकीचा पट्टा धरला आणि तिला माझ्यासमोर ओढलं.

शार्कनं तुकडा उचलला आणि तो वळला. वळताना त्याच्या शेपटीचा फटका तिच्या चेहऱ्याला बसला आणि मास्क सरकला. तिनं तो सारखा केला, आतलं पाणी काढलं आणि माझ्याकडे बघितलं. मी तिच्या मागे अंग चोरून बसलो होतो. पट्टा अजून माझ्या मुठीत होता.

बोटीवर ती फक्त थंडी वाजतेय म्हणाली. मी टॉवेल दिला. गालावर खरचटलं होतं.

महिन्याभरानं एका रविवारी मित्राकडे दुपारचं जेवण होतं. पंधरा-वीस मराठी माणसं जमलेली. कुणीतरी शार्कचा विषय काढला आणि मी सांगायला लागलो. थांबायला हवं होतं. पण सगळे ऐकत होते, आणि मी म्हणालो की शार्क अंगावर आला तेव्हा मी हिला पट्टा धरून बाजूला ओढलं. मित्राच्या मुलीनं डोळे मोठे करून विचारलं, "काका, यू सेव्ह्ड काकू?" मी नुसतं हसलो. बायको ताटं उचलून आत गेली.

परतताना मी गाडी चालवत होतो. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू मला पुढे ओढलंस ते मला माहितीये. घाबरलास, समजू शकते मी. पण मला वाचवलंस असं सांगत जाऊ नकोस."

"सॉरी," मी म्हणालो, "परत नाही सांगणार."

म्हणजे मी माफी मागितली ती गोष्ट सांगितल्याची. ओढल्याची नाही. हे घरी गॅरेजमध्ये इंजिन बंद करताना माझ्या लक्षात आलं. ती तोवर आत गेली होती.

पुढच्या हिवाळ्यात ती क्लासमधल्या दोघी बायकांबरोबर पुन्हा फ्लोरिडाला गेली. तू येतोस का, असं तिनं विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही. आठवड्यानं आली ती नाक उन्हानं सोललेलं, आणि भरभरून बोलत होती. तिला इतकं आनंदात मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. ती बॅग रिकामी करत असताना मी अखेर म्हणालो, "मी तुला शार्कपुढे ओढलं. माझं चुकलं."

तिनं ओलसर कपड्यांची पिशवी बाजूला ठेवली.

"मी बोटीवर याचीच वाट बघत होते," ती म्हणाली. "हॉटेलवर पण बघितली."

मग पिशवी उचलून ती कपडे धुवायला टाकायला खाली गेली. आमचा संसार पुढे नीट झाला, तिनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मित्राच्या त्या मुलीला मात्र मी खरं काय ते अजून सांगितलेलं नाही. तिला आता स्वतःची मुलं आहेत, आणि भेटली की ती त्यांना सांगते, या काकांनी काकूला शार्कपासून वाचवलं होतं.