गेरू लावलेला बोकड

माझी भावजय अशूम आमच्या वस्तीचा बोकड निवडायची. हे काम तिच्याकडे सासूकडून, म्हणजे माझ्या आईकडून आलं होतं. पानं गळायला लागली की वर्षावरचे सगळे बोकड वाडग्यात, दगडी भिंतीच्या आवारात, कोंडायचे. अशूम त्यांच्यातून हळूहळू फिरायची आणि एकाच्या कपाळावर गेरूने माखलेला तळहात उमटवायची. तो कळपासाठी राहायचा, बाकीचे हिवाळ्याच्या मांसाला जायचे. गेरू लागलेल्याला कोणी सुरी लावायची नाही, तो आपल्या मरणानेच मरायचा.

मोठ्या शिंगांचं तिला कौतुक नव्हतं. पाठीवर हात ठेवल्यावर जो जागचा हलत नाही, तो ती घ्यायची. मला म्हणायची, "भावजी, यांच्या पोटात अजून डोंगर आहे. डोंगराकडे जो कमी बघतो, तो आपला."

माझा भाऊ आधीच गेला होता. मग एका हिवाळ्यात तिची मुलगी तिन्नी तापाने गेली. सात वर्षांची होती. आमच्या रीतीप्रमाणे तिला घरातच, चुलीजवळच्या जमिनीखाली ठेवलं. त्याच आठवड्यात एक शेळी विताना मेली. तिचं करडू अशूमने घरात आणलं, दुसऱ्या शेळीला धरून धरून तिचं दूध पाजलं. ते नेमकं तिन्नीच्या जागेवर झोपायचं. अशूम त्याला उठवत नसे.

दुसऱ्या वर्षी पानगळीत तिने त्याच्याच कपाळावर हात ठेवला.

तो बोकड सकाळी वाडग्याच्या भिंतीवर चढून डोंगराकडे बघत उभा राहायचा. सगळ्यांनी पाहिलं होतं, मीही पाहिलं होतं. मी काही बोललो नाही. वस्तीतला वडीलधारा खूमर तेवढा म्हणाला, "अशूम, डोळे उघडे ठेवून निवडलास ना गं?"

"तुमचे डोळे मांसाच्या वाट्यावर, खूमरदादा. बोकडाचं मी बघते."

लोक हसले. खूमरही हसला.

शेळ्या माजावर आल्या तसा तो भिंत ओलांडून गेला आणि मागून सगळ्या शेळ्या गेल्या. एकतीस होत्या. वरच्या कड्यांवर त्या दिवसांत रानबोकड उतरलेले असतात. अशूम मुठीत मीठ घेऊन एकटी वर गेली. तिचा आवाज ऐकून तो आला, तिच्या मुठीतलं मीठ चाटत खाली आला आणि शेळ्याही आल्या. आम्ही त्याला दाव्याला बांधलं. चौथ्या दिवशी दावं कुरतडून तो पुन्हा कळप घेऊन गेला. या वेळी वाटेत बिबट्याने सहा शेळ्या मारल्या. वर बर्फ दिसू लागलं होतं. बर्फ पडलं की कड्यावरून काहीच खाली येत नाही.

खूमरच्या अंगणात सगळे जमले.

"मारायला हवा," कोणीतरी म्हणालं.

"गेरू लागलाय त्याला," खूमर म्हणाला. "आणि गेरू मोडणाऱ्याला घराच्या जमिनीखाली जागा नाही. बोला, कोण जातंय?"

मी जमिनीकडे बघत होतो. आपल्याच माणसांपासून दूर, उघड्यावर पुरलं जाणं कोणाला हवं असतं?

"मी लावला गेरू," अशूम म्हणाली. "मलाच जायला हवं. माझ्याशिवाय तो कोणाला जवळ येऊ देत नाही."

"वहिनी, तिन्नी..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"माहीत आहे भावजी. चला, सोबत या. शेळ्या हाकायला माणूस लागेल."

आम्ही दुपारी पोचलो. तिने हाक मारली. तो उड्या मारत उतरला, तिच्या मुठीत तोंड घालून मीठ चाटू लागला. तिने डाव्या हाताने त्याचं कपाळ कुरवाळलं. गेरू अजून होता. उजव्या हातातली गारगोटीची सुरी तिने एकदाच ओढली. तो ओरडला नाही. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन खाली बसली आणि मला म्हणाली, "म्हाताऱ्या शेळीला मीठ दाखवा. ती निघाली की बाकीच्या येतील."

पंचवीस शेळ्या घरी आल्या. त्या हिवाळ्यात वस्तीतलं कोणी उपाशी मेलं नाही.

पुढे बोकड दुसऱ्या बाईने निवडले. अशूम त्या दिवशी वाडग्याकडे फिरकत नसे. त्यानंतर ती बारा वर्षं जगली. रोज रात्री तिन्नीच्या जागेवर हात ठेवून झोपायची. ती गेली तेव्हा खूमर नव्हता, पण रीत होती. तिला वाडग्याच्या बाहेर, दगडी भिंतीला लागून पुरलं. मी खड्डा खणला. तेव्हाही मी कोणाला काही म्हणालो नाही.

दोन उन्हाळ्यांनी माझं घर गळायला लागलं. नवं बांधायला जागा कुठे बघतोस, असं शेजाऱ्यांनी विचारलं. मी वाडग्याच्या बाहेरची, भिंतीला लागूनची जागा दाखवली.

"तिथे? शेळ्यांचा वास येईल की," एक जण म्हणाला.

"येऊ दे," मी म्हणालो.

मातीच्या विटा मीच पाडल्या, भिंती मीच उभारल्या. चूल कुठे घालायची ते मला आधीच ठाऊक होतं. लोकांनी पाहिलं, त्यांना कळलंही असेल. कोणी अडवलं नाही. तिन्नीला मात्र मला इकडे आणता आलं नाही. तिच्या घरात आता दुसरी माणसं राहतात.

जमीन लिंपताना चुलीजवळ मी थोडा गेरू मिसळला.